वर्महोल नक्की कुठे बनलं?

2022 च्या अखेरीस 'वर्महोल बनवलं' ही बातमी तुम्हीही वाचली असेल. 'नेचर'मधला तो प्रयोग गूगलच्या सिकॅमोर चिपवरच्या 9 क्यूबिटांचा. एसवायके हे मूळ मॉडेल चिपवर मावेना, म्हणून मशीन लर्निंगने छाटून ते 5 पदांवर आणलं. गोची इथेच आहे! ही पदं कुठल्याही क्रमाने लावा, उत्तर तेच. एसवायकेचं गुरुत्वाकर्षणाशी नातं जुळतं ते मात्र त्यातल्या केऑसमुळे, माहिती सगळीकडे विखुरते म्हणून. 2023 मध्ये कोब्रिन, शुस्टर आणि याओ यांनी दाखवलं, की ट्रेनिंगमधले ऑपरेटर सोडून दुसरे घेतले की एसवायकेशी साम्य उरत नाही. मूळ लेखकांनी उत्तर दिलंय. माझं समाधान झालं नाही. चिपवरचं काम नेटकंच आहे. पण 9 क्यूबिटांचं गणित साधा लॅपटॉपही करतो. मग त्यातही वर्महोल आहे म्हणायचं का?