‘स्मृतिचित्रां’तील ख्रिस्ती प्रयोजन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी मराठीत जितक्या आपुलकीने लिहिले गेले आहे, तितक्या आपुलकीने क्वचितच दुसऱ्या एखाद्या आत्मचरित्राविषयी लिहिले गेले असेल. १९३४ पासून पुढे चार भागांत प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आजही वाचला जातो, आणि २०१७ साली शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादाने तो मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही नव्याने पोहोचला. परंतु या आपुलकीत एक दुभंग आहे. वाङ्मयाचे टीकाकार लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांची निरागस भाषा, त्यांची स्वभावचित्रे यांची स्तुती करतात आणि त्यांचे ख्रिस्ती होणे ही चरित्रातील एक घटना म्हणून बाजूस ठेवतात. उलट धर्मनिष्ठ ख्रिस्ती वाचक या ग्रंथाकडे धर्मांतराची साक्ष म्हणून पाहतात आणि त्यातील चूल, पाणी, बाजार, भांडण, आजारपण यांना त्या साक्षीभोवतीची सजावट समजतात. एका पक्षाला श्रद्धा आनुषंगिक वाटते, दुसऱ्याला संसार आनुषंगिक वाटतो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, या ग्रंथात श्रद्धा आणि संसार या दोन वस्तू नाहीतच. लक्ष्मीबाईंचा ख्रिस्ती धर्म त्यांच्या घरकामातच आकाराला आलेला आहे, आणि म्हणूनच त्यांच्या लेखनाला हे किरकोळ प्रसंगांचे, घरगुती रूप प्राप्त झालेले आहे.

रोजच्या साध्या कामात ईश्वरी प्रयोजन पाहण्याची कल्पना ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. मठातील व्रतस्थ जीवन तेवढेच पवित्र, ही समजूत सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने मोडून काढली. घरातील आणि कारखान्यातील कर्तव्य हेही ईश्वराने दिलेले पाचारणच होय, असे त्याने प्रतिपादिले. सतराव्या शतकातील इंग्लिश कवी जॉर्ज हर्बर्ट याच्या, १६३३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात, ईश्वराप्रीत्यर्थ खोली झाडणाऱ्या सेवकाचे चित्र आहे. त्याच शतकात पॅरिसमधील एका मठाच्या मुदपाकखान्यात काम करणारा ब्रदर लॉरेन्स भांड्याकुंड्यांच्या आवाजातही ईश्वराच्या सान्निध्याचा अभ्यास करीत होता. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. सावता माळ्याचा मळा, गोरोबांचे चाक आणि जनाबाईचे जाते यांनी हीच गोष्ट आपल्याला आधीच शिकविलेली आहे. मग लक्ष्मीबाईंचे वेगळेपण कशात, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी त्यांच्या आधीच्या मराठी ख्रिस्ती लेखनाकडे पाहिले पाहिजे.

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ सालची. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे तिच्यातील दर्शन कळकळीचे आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यातील ख्रिस्ती प्रयोजन संवादांतून आणि उपदेशातून प्रकट होते. पात्रे बोलतात, वाद करतात, समजावून देतात. पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ हेही मुख्यतः वाचनाचे, शंकांचे आणि निर्णयाचे चरित्र आहे. एका सुशिक्षित पुरुषाची बुद्धी एका मताकडून दुसऱ्या मताकडे कशी गेली, हा त्याचा विषय. या परंपरेत धर्मांतर ग्रंथांच्या सहवासात घडते. लक्ष्मीबाईंजवळ ग्रंथ नव्हते. अक्षरओळखही त्यांना पतीकडून झालेली. त्यांच्याजवळ होते ते स्वयंपाकघर आणि तेथील पाणी.

पाणी हा या ग्रंथाचा खरा धागा आहे, असे मला वाटते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरचा. १८५७ च्या धामधुमीत घरातील वडीलधाऱ्या माणसाला झालेल्या फाशीच्या आघाताने त्यांच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला आणि त्यांच्या डोक्यात सोवळ्याने घर केले, ही हकीकत ग्रंथाच्या आरंभीच येते. बाहेरून जे जे घरात येई ते ते धुतल्यावाचून स्वीकारावयाचे नाही, हा तेथील नियम. मुलांचे आणि बायकांचे सारे बळ या धुण्यात खर्ची पडे. लक्ष्मीबाई हे सर्व हसत हसत सांगतात. परंतु त्या हसण्याआड एक भयंकर गोष्ट आहे. काम आहे, कष्ट आहेत, धर्माचे नावही आहे. पण त्या कामाने माणूस माणसाजवळ येत नाही, दूर जातो. धुणे हे तेथे भिंत बांधण्याचे साधन आहे.

१८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला वियोगाची वर्षे आली. नातलगांच्या आश्रयाने राहिल्यावर पुढे त्या पतीजवळ गेल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हेत. सोवळे, वेगळी चूल, आपल्या हातचे पाणी ही सारी त्यांनी बरोबर नेली. टीकाकारांनी येथे थांबून पाहिले पाहिजे. नवऱ्याचा धर्म बायकोने मुकाट्याने पत्करला, असा हा सरळ प्रकार नव्हे. त्या अडून राहिल्या, आणि त्या जेथे अडल्या ती जागा सिद्धांताची नव्हती; पाण्याच्या भांड्याची होती. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला, शिवाशीव आधी सोडली, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाण्याचा विधी होण्यापूर्वी पाण्याविषयीचा भ्रम गेला होता. पदमनजींच्या ग्रंथात विचार आधी बदलतो आणि मग आचार. ‘स्मृतिचित्रां’त दोन्ही एकाच घोटाबरोबर बदलतात.

पुढे नगरच्या घरात हेच पाणी निराळे काम करू लागते. दुष्काळातील पोरकी मुले, आश्रयाला आलेली माणसे, प्लेगच्या साथीतील शुश्रूषा यांची वर्णने वाचताना जाणवते की, बालपणी स्पर्श टाळण्यासाठी ज्या हातांनी धुतले, तेच हात आता स्पर्श करण्यासाठी धूत आहेत. शिष्यांचे पाय धुणारा ख्रिस्त ज्या योहानकृत शुभवर्तमानात आहे, त्याचा आधार लक्ष्मीबाई अशा ठिकाणी देत बसत नाहीत. उपदेशकाने जे अवतरण नक्की दिले असते, ते या लेखिकेने दिलेले नाही, आणि तीच तिच्या श्रद्धेची खूण आहे. जे कामात पूर्ण झाले त्याला वचनाचा टेकू लागत नाही.

आता जनाबाईशी असलेला भेद स्पष्ट होतो. जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल स्वतः दळू लागतो, पाणी वाहतो. भक्ताच्या श्रमात देव सहकारी होतो. लक्ष्मीबाईंच्या घरात देव दळायला येत नाही. येथे दारी येतो तो भुकेला, आजारी, निराधार मनुष्य. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृष्टांताचा आशय हाच आहे: त्या मनुष्याला जे दिले ते ख्रिस्ताला दिले. वारकरी अनुभूतीत कामाला गोडी येते ती देवाच्या संगतीने. लक्ष्मीबाईंच्या अनुभूतीत ती येते परक्याच्या संगतीने. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, असे ते स्वतः मानीत. त्यांच्या अभंगांत ही वाट स्पष्ट दिसते. लक्ष्मीबाईंची वाट अधिक खडबडीत आहे, आणि म्हणून अधिक स्वतंत्र. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. ते हिंदूच राहिले, आणि त्याने लक्ष्मीबाईंच्या वात्सल्यात तिळमात्र उणे आले नाही. अन्न देणे ही येथे धर्मप्रसाराची किंमत नाही. अन्न देणे हाच धर्म आहे.

या प्रतिपादनाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. घरकामाला पवित्र ठरविणे हे स्त्रीला घरकामातच बांधून ठेवण्याचे जुने साधन नव्हे काय? टिळकांचे औदार्य प्रसिद्धच आहे; हातात आलेला पैसा ते सहज देऊन टाकीत. परंतु त्या औदार्यानंतर घरात जी टंचाई पडे, ती निस्तरण्याचे काम कोणाचे? एकाचे संतपण दुसऱ्याच्या काटकसरीवर उभे असते, आणि चरित्रकार बहुधा पहिल्याचेच नाव लिहितात. हर्बर्टचे चित्र कितीही सुंदर असले, तरी झाडू मारणारा सेवक आणि लिहिणारा पाद्री हे तेथे दोन वेगळे इसम आहेत. श्रमाची पवित्रता श्रम न करणाऱ्याने सांगावी, यात नेहमीच थोडा धोका असतो.

‘स्मृतिचित्रां’चे मोठेपण असे की, हा आक्षेप त्यांनी आपल्या परीने आधीच ऐकलेला आहे. येथे झाडणारीच लिहिते आहे. आणि ती झाडण्याला पुण्य म्हणत नाही. ती चिडते, भांडते, नवऱ्याच्या विसरभोळेपणाची आणि संतापीपणाची हकीकत यथासांग सांगते, आपल्या फजितीलाही सोडीत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद हा शैलीचा अलंकार मानला गेला आहे. माझ्या मते तो त्यांचा नैतिक विवेक आहे. कष्टाला कष्ट म्हणण्याचे धैर्य त्या विनोदात आहे, आणि कष्ट करणाऱ्याविषयी कटुता न धरण्याचे औदार्यही त्यातच आहे. ज्या श्रद्धेला तक्रार सहन होत नाही, ती श्रद्धा घरात फार दिवस टिकत नाही. लक्ष्मीबाईंची श्रद्धा तक्रारीसकट टिकली. म्हणून त्यांच्या सेवेला दास्य म्हणता येत नाही. तथापि त्यांच्यावर पडलेला भार न्याय्य होता, असेही या ग्रंथावरून सिद्ध होत नाही. या दोन विधानांपैकी एक सोडून दुसरे धरणारी टीका एकांगी ठरेल.

याच लेखिकेने टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले, ही गोष्ट तुलनेसाठी उपयोगी आहे. तेथे विषय साक्षात ख्रिस्तचरित्र आहे. प्रयोजन उघड आहे, छंद परंपरेने मान्य केलेला आहे. तरीही मराठी वाचकाच्या मनात घर केले ते ‘स्मृतिचित्रां’नी. याचा अर्थ वाचकाला ख्रिस्त नको होता असा घेणे उथळपणाचे होईल. काव्यात ख्रिस्ताची कथा सांगितली गेली. गद्यात त्या कथेचा परिणाम सांगितला गेला. टिळकांचे १९१९ साली निधन झाल्यावर लक्ष्मीबाई पुढे मुलाच्या संसाराबरोबर कराचीस गेल्या, आणि त्या परप्रांतातील हकीकतीतही शेजारी, मुले, घरातील लहानसहान अडचणी हाच विषय राहिला. प्रांत बदलला, माणसे बदलली, पण धर्म कोठे भेटतो याविषयीची त्यांची समजूत बदलली नाही.

तात्पर्य, ‘स्मृतिचित्रे’ हा श्रद्धा असूनही चांगला झालेला ग्रंथ नव्हे, आणि श्रद्धा आहे म्हणून चांगला मानावयाचा ग्रंथही नव्हे. त्यातील श्रद्धेनेच लेखिकेला हे शिकविले की, लहान गोष्ट लहान नसते. आणि ज्याला हे पटले त्याला लहान गोष्टी लिहिताना त्या फुगवून दाखविण्याची गरज पडत नाही. मराठी गद्यातील हा दुर्मीळ साधेपणा अशिक्षितपणातून आला, अशी समजूत अद्याप रूढ आहे. ती सोडून दिली पाहिजे. तो साधेपणा एका विचाराचे फळ आहे. तो विचार पुस्तकाऐवजी घागरीपाशी झाला, एवढाच काय तो फरक.