परिचारिकांची कार्यनिष्ठा आणि मेन्झीस ह्यांची मीमांसा

रुग्णालयाची नोकरी सोडून जाणाऱ्या परिचारिकेच्या ठिकाणी सेवावृत्ती उणी असते, हा समज जुना आहे. इझाबेल मेन्झीस ह्यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने त्याला समर्थ आव्हान दिले. लंडनमधील एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयात टॅव्हिस्टॉक संस्थेने केलेल्या पाहणीवर तो आधारलेला आहे. तेथील सुमारे ७०० परिचारिकांपैकी पूर्ण प्रशिक्षित अशा १५० च होत्या. उरलेल्या सर्व शिक्षणार्थी. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट सोडीत.

मेन्झीस ह्यांच्या मते व्याधी व मृत्यू ह्यांच्या नित्य सहवासाने मनात तीव्र चिंता उपजते आणि तिच्यापासून बचाव करण्यासाठी रुग्णालयाची कार्यपद्धती घडत जाते. शुश्रूषेचे सुट्या कामांत तुकडे होतात. रोगी खाटेच्या क्रमांकाने ओळखला जातो. प्रत्येक निर्णय पुन:पुन्हा तपासून वरिष्ठांकडे ढकलला जातो. ह्या तटबंदीने चिंता शमत नाही. मात्र शुश्रूषेतील समाधान हिरावले जाते. म्हणूनच सोडून जाणाऱ्यांत अधिक गुणी मुलींचा भरणा लक्षणीय होता. निष्ठा हा केवळ व्यक्तीचा गुण नसून कार्यव्यवस्थाही तिला पोसते वा मारते, हा ह्या निबंधाचा चिरस्थायी लाभ होय.

परंतु ज्या प्रश्नावरून ही पाहणी सुरू झाली त्याला निबंधात पुरेसा न्याय मिळत नाही. वॉर्डांना कामासाठी माणसे हवी होती, तर शिक्षणार्थींना क्रमबद्ध अनुभव. त्यांच्या नेमणुका कोणत्या गरजेनुसार कराव्यात, हा तो पेच होता. हा हितसंबंधांचा उघड विरोध होता आणि असा विरोध वाटाघाटीचा विषय असतो. मेन्झीस त्याला खोलवरच्या चिंतेचे बाह्य लक्षण मानतात. त्यामुळे ‘आम्हांला विद्यार्थिनी म्हणून वागवा’ ह्या संभाव्य मागणीचे रूपांतर निदानात होते; आणि लक्षणाशी कोणी वाटाघाट करीत नाही.

पुढील इतिहास ह्या आक्षेपाला पुष्टी देतो. ब्रिटनमध्ये १९८६ साली मांडल्या गेलेल्या ‘प्रोजेक्ट २०००’ ह्या योजनेने शिक्षणार्थींना वॉर्डातील मनुष्यबळाच्या गणनेबाहेर ठेवण्याचे तत्त्व पुढे आणले. मूळ पेचाचे उत्तर असे शिक्षणार्थींच्या दर्जातील बदलातून शोधले गेले. त्याने मृत्यूची चिंता नाहीशी होत नाही, हे खरे. म्हणून मेन्झीस ह्यांची मीमांसा आजही उपयुक्त आहे. मात्र कर्मचाऱ्यांचे गाऱ्हाणे प्रथम गाऱ्हाणे म्हणून ऐकून घेतल्यावरच तिचा आधार घेणे उचित ठरेल.