लाल हाच मूळ रंग

‘ओपनटीटीडी’ या खेळात रूळ टाकायचे, स्थानकं बांधायची, गाड्या सोडायच्या. पण सांधे बदलायचा खटका मात्र कुठेच नाही. कुठल्या सांध्यावर वळायचं ते गाडीच ठरवते. खेळणाऱ्याच्या हाती उरतो तो सिग्नल: कुठे रोवायचा आणि कुठल्या प्रकारचा. एवढ्याशा अधिकारात या खेळाने रेल्वेचं सगळं शहाणपण बसवलं आहे, आणि मला त्याचं मोठं अप्रूप वाटतं.

ख्रिस सॉयर यांच्या 1994 च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून’मध्ये साधे ब्लॉक सिग्नल होते. पुढचा ब्लॉक, म्हणजे पुढच्या सिग्नलपर्यंतचा रूळ, रिकामा तर हिरवा, आत गाडी असली की लाल. त्याच खेळावरून 2004 मध्ये ओपनटीटीडी उभा राहिला आणि 2009 च्या 0.7.0 आवृत्तीत त्यात पाथ सिग्नल आला. हा मुळातच लाल. गाडी जवळ आली की पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतचा मार्ग मागते. तो राखून मिळाला तरच हिरवा होतो.

याचं सौंदर्य पाहायचं ते दोन फलाटांच्या स्थानकाच्या तोंडाशी, जिथे येणारी आणि जाणारी लाइन एकमेकींना छेदतात. ब्लॉक सिग्नल लावले तर ते अख्खं तोंड एकच ब्लॉक ठरतं. दुसऱ्या फलाटावरून निघालेली गाडी सरळ आपल्या लाइनीवर चालली आहे, पहिला फलाट मोकळा आहे, तरी येणारी गाडी बाहेर ताटकळते. तिथेच पाथ सिग्नल लावा. राखलेले रूळ दाखवण्याची सोय चालू केली, की गाडीपुढचा मार्ग गडद होताना दिसतो. दोन गडद पट्टे शेजारून जातात, कुठेही छेदत नाहीत, आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी चालू लागतात. शेवटचा डबा पुढे सरकेल तसतसा मागचा रूळ मोकळा होत जातो. हे मी कितीही वेळ बघू शकतो.

दोन्ही रीती खऱ्या रेल्वेतल्याच. 1928 साली बोरीबंदर ते भायखळा मार्गावर देशातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल लागले; तसला सिग्नल पुढे गाडी नसेल तर आपसूक मोकळा राहतो. स्थानकात शिरण्याआधीचा, केबिनच्या ताब्यातला होम सिग्नल मात्र लालच असतो, मार्ग लागेपर्यंत.

खेळातही मार्ग मिळेपर्यंत गाडी लाल पाथ सिग्नलपाशी थांबते, म्हणून तो लावताना एकच प्रश्न विचारायचा: गाडी इथे थांबली तर कुणाची वाट अडेल? सांध्यापुढे गाडीभर जागा न सोडता सिग्नल रोवला, तर तिचे मागचे डबे सांध्यावरच राहतात आणि बघता बघता सगळा मार्ग तुंबतो.

खेळ मोफत आहे. सुरुवातीचं साल 1950 च्या आधीचं निवडा, म्हणजे दिव्यांऐवजी हाताचे (सेमाफोर) सिग्नल मिळतील. आणि पहिलं स्थानक दोनच फलाटांचं बांधा.