सावलीचा हक्क

मुंबईहून बोटीने मांडव्याच्या धक्क्यावर उतरणारा प्रवासी आता सहसा कॅमेऱ्यासहच उतरतो. तेथून अलिबाग, चौल, रेवदंडा आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडील कोर्लई, अशी ही किनाऱ्याची वाट जुन्या ख्रिस्ती वस्तीच्या खुणांनी भरलेली आहे. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने या वाटेवर टिपलेली छायाचित्रे सणाच्या दिवशी सभागृहात मांडली होती. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. आता थोडी चिकित्साही व्हावी.

त्याची पद्धत अशी. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून एकाच दृश्याची तीन छायाचित्रे घ्यायची. एक आकाशाला मानवेल असे, एक भिंतींना, एक अंधाऱ्या कोनाड्यांना. त्यांत दोन-दोन स्टॉपचे अंतर ठेवले, तर पहिल्यापेक्षा तिसऱ्यात प्रकाश सोळा पट येतो. मग संगणकावर तिन्हींतला उत्तम भाग वेचून एकच चित्र विणायचे.

ही लबाडी आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १८५७ च्या सुमारास फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने समुद्राची एक व आकाशाची दुसरी काच जोडून सागरचित्रे छापली होती. त्या काळच्या रसायनांना दोन्ही एकदम पेलत नसत. आपला डोळाही आकाश व अंधार आळीपाळीने पाहतो आणि मन त्यांचे एक चित्र करते. रेवदंड्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांतून दिसणारा ‘सातखणी’ मनोरा या तरुणाने असाच टिपला आहे. झाडांची दाट सावली, काळवंडलेला दगड आणि वरचे लख्ख आकाश तिन्ही त्यात नांदतात. तेथे उभे राहिलेल्या माणसाला जे दिसते, तेच येथे आहे. संचातील हे सर्वांत प्रामाणिक चित्र होय.

परंतु पडक्या चर्चच्या चित्रांत तो हात आवरू शकलेला नाही. कोपऱ्यांतील प्रत्येक अंधार त्याने उजळला आहे. शेवाळ, चुना, भेगा सारे सारख्याच उत्साहाने चमकते. जाड भिंती आणि उंचावरचे झरोके उभारणाऱ्या गवंड्याला सावली ही अडचण वाटत नव्हती. दगड आणि चुना यांच्याइतकीच ती त्याची सामग्री होती. काळोखातून वेदीकडे सरकणारी नजर हीच त्या वास्तूची रचना होती. सगळेच उजळले की नजरेला जायला कोठेच उरत नाही. १७४० साली पोर्तुगीजांची सत्ता येथून गेली. त्यानंतरच्या शतकांची पडझडही अशा चित्रात नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यासारखी गोड दिसू लागते.

याहून गंभीर एक गोष्ट आहे. तीन छायाचित्रांच्या दरम्यान कोणी चालत गेले, तर त्याची पुसट भुते उमटतात. म्हणून छायाचित्रकार माणसांना चित्रातून पुसतो. रेवदंड्याच्या तटाच्या आत आजही लोक राहतात, वाड्या शिंपतात. कोर्लईत पोर्तुगीजातून जन्मलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते, आणि कार्मेल मातेच्या चर्चमध्ये माणसे गुडघे टेकतात. या तरुणाच्या संचात मात्र एकही माणूस नाही. विचारले तेव्हा तो प्रांजळपणे म्हणाला, “फादर, एक बाई डोक्यावर भारा घेऊन गेली होती. मी ती काढून टाकली.”

हा दोष तंत्राचा नाही. तंत्र काय वगळायचे ते विचारते. उत्तर आपण देतो. ती बाई पुसट राहिली असती, तरी त्या दगडांचा वारस कोण हे चित्राने सांगितले असते.

त्याच्या हाताला जाण आहे, म्हणूनच हे लिहिले. पुढच्या खेपेस त्याने विणलेल्या चित्राशेजारी मूळचे एक साधे छायाचित्रही टांगावे. किती उजेड दिसला आणि किती आपण घातला, हे पाहणाऱ्यांना ठरवू द्यावे. आणि भारा घेऊन कोणी आले, तर ते पलीकडे जाईपर्यंत एकच छायाचित्र घ्यावे.