बिगफूटचा शोध : एकट्याचे पाहणे आणि सर्वांचा पुरावा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सेंट हेलेन्स आणि ॲडम्स या दोन ज्वालामुखी पर्वतांच्या मध्ये 'डार्क डिव्हाइड' नावाचा सूचिपर्णी अरण्याचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याच्या गाभ्यात मोटारीचा रस्ता नाही. फुलपाखरांचे अभ्यासक रॉबर्ट मायकेल पाइल या अरण्यातून बहुतांशी एकटे पायी हिंडले, ते बिगफूटच्या शोधात. त्यासाठी त्यांना १९८९ साली गुगेनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली होती. या भटकंतीवरचे 'व्हेअर बिगफूट वॉक्स' हे त्यांचे पुस्तक १९९५ साली निघाले आणि २०२० साली त्यावर चित्रपटही आला. पुस्तक चांगले आहे. म्हणूनच ते बारकाईने तपासायला हवे.

बिगफूट म्हणजे दोन पायांवर चालणारा, केसाळ, माणसाहून थोराड असा मानला गेलेला प्राणी. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांच्या भाषेतून 'सॅस्क्वाच' हे त्याचे दुसरे नाव आले. 'बिगफूट' हे नाव मात्र वर्तमानपत्री आहे. १९५८ साली कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे रस्त्याचे काम चालू असताना मोठाली पावले उमटलेली दिसली आणि त्या बातमीतून ते सर्वत्र पसरले. त्या कामाचा कंत्राटदार २००२ साली वारला. तेव्हा घरच्या मंडळींनी लाकडात कोरलेली पावले बाहेर काढली आणि ती त्याची थट्टा होती असे सांगितले. तोवर बिगफूटच्या शोधात दोन पिढ्या रानात जाऊन आल्या होत्या.

पाइल यांचा मोठा गुण असा की ते भाविक नाहीत आणि टवाळही नाहीत. बिगफूट सापडल्याची दवंडी ते पिटत नाहीत. मूळ रहिवाशांच्या कथा ते आदराने ऐकतात. वाटेतली फुलपाखरे, झाडे आणि सरसकट तोडीने उघडे पडलेले डोंगर ते जाणत्या नजरेने टिपतात. रानात एकट्याने, न बोलता चालणाऱ्याला किती दिसते याचा हे पुस्तक उत्तम नमुना आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. 'असेलही, नसेलही' हे दार पाइल शेवटपर्यंत किलकिले ठेवतात. मन खुले असावे हे खरे. पण ते पुरावा तपासण्यासाठी. पुरावा तपासून झाल्यावरही निर्णय टाळणे याला खुलेपणा म्हणता येत नाही. २०१४ साली ब्रायन साइक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्राण्यांचे म्हणून जगभरातून आलेले केस तपासले. ज्या ३० नमुन्यांतून डीएनए मिळाला, ते सर्व अस्वल, गाय, घोडा अशा परिचित प्राण्यांचे निघाले. एक तर माणसाचाच होता. हिमालयाकडच्या दोन केसांचा संबंध साइक्स यांनी प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जोडला होता. इतर संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि ते केस तपकिरी अस्वलाशी जुळतात असे दाखवले. चूक दुरुस्त होऊ शकली, कारण तपासण्याजोगी वस्तू आणि माहिती दुसऱ्यांच्याही हाती होती.

एकट्याने पाहिलेल्या गोष्टीत नेमकी हीच सोय नसते. काळे अस्वल मागच्या पायांवर उभे राहते. त्याच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा लांबट असतो आणि तो पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडला की आणखी लांब दिसतो. संधिप्रकाशात, मनात अपेक्षा घेऊन चाललेल्या प्रामाणिक माणसालाही असे दृश्य चकवू शकते आणि 'थांबा, पुन्हा पाहू' म्हणणारा कोणी शेजारी नसतो. येथे प्रश्न खरेखोटेपणाचा नाही, पडताळ्याचा आहे.

हा भेद समजण्यासाठी पाइल यांच्याच आयुष्यातले उदाहरण पुरेसे आहे. १९७१ साली त्यांनी कीटक आणि इतर अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या संरक्षणासाठी 'झर्सेस सोसायटी' स्थापन केली. तिला सान फ्रान्सिस्कोच्या वाळूच्या टेकड्यांवरील एका निळ्या फुलपाखराचे नाव दिले आहे. १९४० च्या दशकापासून ते कोणीही पाहिलेले नाही. तरी ते होते याविषयी शंका नाही, कारण संग्रहालयांत त्याचे नमुने आहेत. २०२१ साली ९३ वर्षे जुन्या नमुन्यातील डीएनएवरून ती स्वतंत्र जात होती हेही ठरले. आज कोणालाच न दिसणारे फुलपाखरू खरे ठरते. असंख्य लोकांनी 'पाहिलेल्या' बिगफूटचे मात्र एक हाडही हाती नाही. प्राणी टिकायचा तर त्याची नर, मादी, पिले अशी वस्ती हवी, आणि वस्ती असेल तर तिचे मृतावशेषही हवेत.

वर्गात एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, तो नाही हे सिद्ध करून दाखवा." त्याला गप्प बसवू नये. 'आहे' म्हणणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो, हे कृतीतून समजावावे. शाळेजवळच्या ओल्या मातीतील ठसे दोन गटांना एकमेकांशी न बोलता मोजू द्यावेत. प्राणी कोणता आणि कशावरून, हे लिहायला सांगावे. मग वह्या ताडून पाहाव्यात. जेथे उत्तरे जुळत नाहीत, तेथून खरा धडा सुरू होतो.

पाइल यांची खरी तळमळ अशी की बिगफूट मावेल एवढे अरण्य शिल्लक राहावे. या तळमळीशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. परंतु अरण्याचा हक्क बिगफूटच्या खांद्यावर ठेवणे धोक्याचे आहे. तो नाही असे ठरले की तोडीला मोकळीक मिळाली असे कोणी म्हणेल. तेथली अस्वले, घुबडे आणि फुलपाखरे हे कारण पुरेसे आहे आणि ते कोणालाही तपासता येते. वरच्या वर्गातील मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे; मात्र ते वाचून झाल्यावर त्यांच्याशी चर्चा करायला शिक्षकाने सवड काढावी.