अरण्यातील अन्न आणि संशय

बायबलमधील ईश्वरी पोषणाच्या कथांतील विसंगतींकडे दोन प्रकारे पाहिले जाते. श्रद्धावान भाष्यकार त्यांचा मेळ घालतो. ऐतिहासिक चिकित्सक त्या निरनिराळ्या परंपरांत वाटून टाकतो. दोघांच्याही हातून एक प्रश्न निसटतो : ज्यांनी या परंपरा एकत्र गुंफल्या, त्यांना ही विसंगती दिसत नव्हती काय?

'निर्गम'च्या 16व्या अध्यायात भुकेले इस्राएली लोक मोशेविरुद्ध कुरकुर करतात. त्यांना सायंकाळी लावे आणि सकाळी मान्ना मिळतो. शिक्षा होत नाही. 'गणना'च्या 11व्या अध्यायात लोक तेच, लावेही तेच. परंतु मांस दातांत असतानाच मरी येते. वेलहाउझेन यांच्या वळणाच्या अभ्यासकांनी पहिल्या कथेचा बराच भाग याजकीय परंपरेकडे सोपविला आणि दुसरी त्याहून जुन्या कथनाची मानली. हे उगमाचे उत्तर झाले, अर्थाचे नव्हे. दुसऱ्या कथेत संशय केवळ जमावाचा नाही, खुद्द मोशेचाही आहे. सहा लाख पायदळ आणि महिनाभराचे मांस! कळप कापले, समुद्रातील सारे मासे गोळा केले, तरी पुरे पडेल काय, असा हिशेबच तो ईश्वरापुढे मांडतो. जमावाच्या हव्यासाला दंड मिळतो. मोशेच्या हिशेबाला फक्त प्रतिप्रश्न. (पुढे 20व्या अध्यायात, खडकातून पाणी काढताना, त्याचीही गय होत नाही.) संशयाची ही प्रतवारी अजाणतेपणी झाली असेल, असे मानणे कठीण आहे.

स्तोत्रसंहितेत हा ताण शब्दाच्या पातळीवर उतरतो. 78व्या स्तोत्रात अविश्वासू पूर्वजांच्या तोंडी जो प्रश्न येतो, त्यातील 'मेज मांडणे' ही हिब्रू शब्दजोडी 23व्या स्तोत्रातही आहे. तेथे संशय, येथे कृतज्ञता. शब्द मात्र तेच.

खरी कसोटी लागते ती 37व्या स्तोत्रापाशी. नीतिमानाची संतती अन्नासाठी भीक मागताना आपण कधी पाहिली नाही, अशी ग्वाही तेथील वृद्ध वक्ता देतो. 'विलापगीत'च्या चौथ्या अध्यायात, बाबिलोन्यांनी इसवी सनापूर्वी 587च्या सुमारास उद्ध्वस्त केलेल्या यरुशलेमेत, मुले भाकर मागतात आणि कोणी देत नाही. ती नीतिमानांची मुले नसावीत, असे म्हणून सुटका करून घेणारे भाष्य वाङ्मयदृष्ट्या दुबळे आणि माणुसकीच्या दृष्टीने निष्ठुर आहे. तान्ह्याची जीभ तहानेने टाळूला चिकटल्याचे सांगणारा कवी त्या तान्ह्याच्या पातकाविषयी काही बोलत नाही; दोष देतो तो संदेष्ट्यांना व याजकांना. वृद्धाची ग्वाही त्यामुळे खोटी ठरत नाही. ती एका माणसाने आयुष्यभर जे पाहिले त्याची ग्वाही उरते. नियम होत नाही.

मान्नाच्या कथेकडे पुन्हा वळल्यास संकलकांची दृष्टी अधिक स्पष्ट होते. उद्या मिळेल की नाही या भयाने रात्रभर राखून ठेवलेल्या मान्नात किडे पडतात. शब्बाथासाठी, आज्ञेप्रमाणे, राखलेला मात्र नासत नाही. आणि त्याच अध्यायाच्या अखेरीस अहरोन एक ओमरभर मान्ना पात्रात भरून पुढील पिढ्यांना दाखविण्यासाठी जपून ठेवतो. पदार्थ एकच, साठवणही एकच. फरक आहे तो साठविणाऱ्याच्या हेतूचा, आणि तो कोणता हे कथा उघड शब्दांत कोठेही सांगत नाही.