बैठक आणि भूमिका : शिवरात्रीच्या कथेतील व्याध

श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तील (१७१८) दुसऱ्या अध्यायात येणारी व्याध आणि हरिणींची कथा महाराष्ट्रात जितकी वाचली गेली, तितकी क्वचितच तपासली गेली असेल. पारायणाची पोथी म्हणून ती घरोघर राहिली. समीक्षेने मात्र तिला व्रतमाहात्म्याच्या खात्यात टाकून हिशेब मिटवला. नकळत घडलेला उपवास, नकळत झालेले जागरण, नकळत वाहिली गेलेली बिल्वदले आणि त्यांचे फळ म्हणून उद्धार, असा तिचा रूढ अन्वयार्थ आहे. त्यात व्याधाचे व्याध असणे निव्वळ निमित्त ठरते. प्रस्तुत विवेचनाचा रोख याच्या उलट आहे. या कथेची संरचना शिकारीच्या तंत्रावर, त्यातही दबा धरून बसण्याच्या तंत्रावर उभी आहे.

हरणाची शिकार साहित्यात प्रामुख्याने दोन रूपांत येते : पाठलाग आणि प्रतीक्षा. ‘अभिज्ञानशाकुंतला’चा आरंभ पाठलागाने होतो. दुष्यंताचा रथ हरणामागे धावतो आणि बाण सुटण्यापूर्वी आश्रमातील तपस्वी त्याला अडवतो. येथे संयम बाहेरून येतो. राजा तो आज्ञेसारखा स्वीकारतो. रथाच्या वेगात शिकाऱ्याला विचाराची उसंत नाही आणि शिकारीला वाणी नाही. व्याधापाशी रथ नाही. त्याच्याजवळ आहे ती बसण्याची जागा आणि रात्र.

ही जागा त्याने अडाणीपणाने निवडलेली नाही. हरीण पाण्यावर येणार, हे तो जाणतो. म्हणून सरोवराचा काठ. हरणाचे नाक आणि कान तीक्ष्ण, म्हणून जमिनीवर न बसता वृक्षावर. तो वृक्ष बेलाचा, म्हणजे काटेरी. तेथे रात्रभर निश्चल राहणे हेच मुळात कष्टाचे. शिवाय तिथी माघ वद्य चतुर्दशी. चंद्राची कोर पहाटेच्या सुमारास उगवणार, तोवर अंधार. अशा वेळी दृष्टीआड येणारी पाने दूर करणे ही शिकाऱ्याची निकडीची गरज आहे. पूजा म्हणून गणली गेलेली कृती मुळात नेम धरण्यासाठी जागा मोकळी करण्याची कृती आहे. पुण्याचा उगम अपघातात शोधणाऱ्या वाचनाला हे कौशल्य दिसत नाही, आणि हे न दिसणे निरुपद्रवी नाही. उपजीविकेसाठी शिकार करणाऱ्याच्या ज्ञानाला मोल नाही, त्याच्या हातून चुकून पडलेल्या पानांना मात्र आहे, असा निवाडा त्यातून आपोआप होतो.

यावर आक्षेप असा येईल की, कृपा अहेतुकच असली पाहिजे; भक्तिसंप्रदायाची तीच धारणा आहे. तो मान्य केला तरी कथनाच्या पातळीवर एक प्रश्न उरतो. पाने पडताच कार्य सिद्ध होणार असेल, तर हरणे एकामागून एक का येतात? गर्भिणी येते, पतीच्या शोधात निघालेली येते, पाडसांची आई येते, मृगही येतो. प्रत्येकजण मुदत मागतो, परत येण्याची शपथ वाहतो, आणि प्रत्येक वेळी ताणलेली प्रत्यंचा सैल होते. ही आवृत्ती केवळ अलंकरण नव्हे. पहिल्या हरिणीचे बोलणे व्याध संशयाने ऐकतो. पुढच्यांना सोडताना मात्र आधीच्या वचनांचे ओझे त्याच्यावर असते. शिकारीसाठी बसलेला माणूस हळूहळू श्रोता होतो, मग साक्षीदार, आणि अखेरीस विश्वास ठेवून वाट पाहणारा. बैठक तीच राहते, भूमिका बदलते. ही भूमिका बदलायला एक रात्र लागते, आणि ती रात्र काढण्याची सवय त्याला व्याधाच्या धंद्यानेच दिलेली असते. धीर ही त्याची व्यावसायिक मिळकत आहे. कथा तिला नैतिक मूल्यात रूपांतरित करते.

पहाटे हरणे परततात आणि आधी मला मार म्हणून आपसांत स्पर्धा करतात. येथे शिकारीच्या व्यवहाराची अदलाबदल पूर्ण होते : आता वचन पाळण्याची जबाबदारी बाण धरणाऱ्यावर येऊन पडते.

कथेच्या परंपरेने या पात्रांना आकाशात मृग आणि व्याध म्हणून स्थान दिले आहे. त्याच तारकांविषयी ऐतरेय ब्राह्मणात निराळी कथा आहे. तेथे मृगरूप प्रजापतीला बाण लागतो, आणि मृगातील तीन ठळक तारका म्हणजे तो त्रिकांड बाण. एकाच तारकापुंजाची ही दोन वाचने परस्परविरोधी आहेत. जुन्या वाचनात बाण देहात रुतलेला आहे. शिवरात्रीच्या कथेत तो सुटलेलाच नाही. नव्या कथेने आकाशातील आकृती तशीच ठेवली आणि तिचा अर्थ उलटवला. व्याध आजही मृगाच्या मागे त्याच अंतरावर उभा दिसतो. ते अंतर पाठलागाचे मानायचे की प्रतीक्षेचे, यावर त्या कथेचे आपले आकलन ठरते. व्रतमाहात्म्य म्हणून तिची बोळवण करणाऱ्या समीक्षेने हा प्रश्न अजून विचारलेला नाही.